मराठवाड्यात राहून जपानी शिकायची असेल तर: लिपीपासून नोकरीपर्यंत

वाळूजच्या कुठल्याही मोठ्या कारखान्यात आयटीआय झालेल्या मुलाला ‘काइझेन’ (कामात सतत थोडी-थोडी सुधारणा) काय असतं ते विचारा, तो फळ्यावर लावलेली काइझेन शीट दाखवेल. ‘पोका-योके’ (चूक होऊच नये अशी सोय), ‘कानबान’ (कामाची कार्डपद्धत), ‘गेंबा’ (प्रत्यक्ष कामाची जागा) हे शब्द तिथे रोजच्या बोलण्यात आहेत. जपानी भाषेतले दहा-बारा शब्द आपल्या पोरांच्या तोंडी आधीच बसलेत, पण ती भाषा शिकायला मात्र पुण्या-मुंबईलाच जावं लागतं असा समज अजून पक्का आहे. तो सोडायची वेळ आली आहे.

शेंद्रा-बिडकीनची ‘ऑरिक’ वसाहत ज्या दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरचा भाग आहे, तो कॉरिडॉर मुळात भारत-जपान सहकार्यातून उभा राहिला. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरात नवा प्रकल्प उभारण्यासाठी राज्य सरकारशी सुमारे २० हजार कोटींचा सामंजस्य करार केला. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांच्या टोकियो भेटीत पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचं उद्दिष्ट ठरलं. त्यात भारतातून जपानला जाणारी ५० हजार कुशल माणसं धरली आहेत. आणि मुलं शिकू शकतात का, हा प्रश्न तर संभाजीनगरजवळच्या गाडिवाट गावाने २०२० मध्येच निकालात काढला. तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या मुलांना कोणती परकी भाषा शिकायची असं विचारलं, तर रोबोटिक्सची आवड असलेल्या त्या पोरांनी जपानी निवडली आणि ऑनलाइन शिकलीही.

मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगते. जपानीची एन-४ पातळी, म्हणजे परीक्षेच्या पाच पातळ्यांतली खालून दुसरी, परभणी, सेलू, उदगीर, अंबाजोगाई, कुठूनही घरी राहून गाठता येते. तोवर कुणालाही लाखात पैसे द्यायची गरज नाही. एन-४ हातात आल्यावर मोठा खर्च, मोठं शहर, परदेश यांचा विचार करा. हा क्रम उलटा झाला की घरची जमीन गहाण पडते आणि पोरगं अडकतं. पुढचं सगळं या एका क्रमाभोवती लिहिलं आहे.

आधी वेळेचा हिशोब

जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा, म्हणजे जेएलपीटी, १९८४ पासून होते. २०१० पासून तिच्या पाच पातळ्या आहेत: एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड. जुन्या रचनेत सर्वांत सोप्या पातळीला साधारण १५०, तिच्या वरच्या पातळीला ३०० आणि त्याच्याही वरच्या पातळीला ६०० तासांचा अभ्यास धरलेला होता. आजही अंदाज बांधायला हे आकडे चालतात, फक्त कांजी ही चित्राक्षरं आपल्याला पूर्ण नवी असल्याने थोडे तास वाढवून धरा. रोज दीड तास दिला तर एन-५ चार-पाच महिन्यांत होते, एन-४ वर्षभरात. आठवड्यातून एकदा रविवारी पाच तास बसून हे होत नाही. ही भाषा रोज मागते.

बारावी किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सोयीचं वेळापत्रक असं: जूनमध्ये सुरुवात, डिसेंबरला एन-५, पुढच्या जुलैला एन-४, त्यानंतर एक वर्ष घेऊन एन-३. म्हणजे पदवी हातात येते तेव्हा एन-३ही सोबत असते. घाई असलेले एन-५ न देता थेट एन-४ देतात, आणि त्याला नियमाची काहीच आडकाठी नाही. पण पहिल्यांदाच अशी परीक्षा देणाऱ्याने एन-५ द्यावी असं माझं मत आहे. परीक्षेचं दडपण आणि ऐकण्याच्या भागाचा वेग एकदा अनुभवलेला बरा.

पहिले तीन आठवडे: लिपी आणि उच्चार

जपानीत तीन लिप्या एकत्र वापरतात. हिरागाना आणि काताकाना यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, आणि तिसरी कांजी. हिरागाना पहिल्या दहा दिवसांत, काताकाना पुढच्या दहा दिवसांत पाठ झाली पाहिजे. अक्षरांचा क्रम बघितला की हायसं वाटेल: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून वर्णमालेचा हा क्रम तिकडे पोचला, म्हणून तो आपल्या क-च-ट-त-प च्या वळणावर चालतो.

गणिताची चौकटीची वही घ्या. एका चौकटीत एक अक्षर, रेषांचा क्रम वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे. पहिला आठवडा उच्चार देवनागरीत लिहून ठेवले तर हरकत नाही, पण तिसऱ्या आठवड्यानंतर देवनागरी पूर्ण बंद. नाहीतर डोळा तिकडेच जातो आणि अक्षरं कधीच वेगाने वाचता येत नाहीत. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली जपानी तर पहिल्या दिवसापासूनच नको.

उच्चारात मराठी माणसाकडे एक ठेवा आहे, जो बहुतेक पुस्तकांना माहीत नसतो. आपल्याकडे दोन ‘च’ आणि दोन ‘ज’ आहेत. ‘चिवडा’तला च वेगळा आणि ‘चूल’मधला वेगळा. जपानीत ‘ता’च्या ओळीतलं तिसरं अक्षर ‘त्सु’ असं लिहिलेलं दिसतं आणि हिंदी-इंग्रजीतून शिकणारे त्याच्यापाशी अडखळतात. आपण ते ‘चूल’मधल्या ‘चू’सारखं, पण आखूड म्हणायचं, झालं. दुसरं अक्षर ‘चिवडा’तलं चि. तसंच ‘जावई’तला ज म्हणजे त्यांचा ‘ज़ा’, आणि ‘जीव’मधला ज म्हणजे ‘जि’.

अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. मराठी बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घाकडे फारसं लक्ष देत नाही. इकार आखूड म्हटला काय आणि लांब म्हटला काय, ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. जपानीत कळत नाही. ‘बिरु’ म्हणजे इमारत आणि ‘बीरु’ म्हणजे बीअर. जोडाक्षराचंही तसंच: ‘किते कुदासाइ’ म्हणजे ‘या’, आणि ‘कित्ते कुदासाइ’ म्हणजे ‘कापा’. ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांतला फरक ज्या कानाला कळतो त्याला हे अवघड नाही, पण पहिल्या महिन्यापासून टाळी वाजवत मात्रा मोजायची सवय लावावी लागते. ‘कि-ते’ दोन टाळ्या, ‘कि-त्-ते’ तीन.

जपानीत ‘ल’ नाही, ‘ळ’ नाही, ‘व’च्या जागी बहुधा ‘ब’ येतो. त्यामुळे तुमचं नाव काताकानात बदलतं. विठ्ठलचा ‘बित्तारु’ होतो. काताकानातलं नाव शिक्षकांच्या मदतीने एकदाच ठरवा आणि पुढे प्रत्येक अर्जात तेच वापरा. इंग्रजी स्पेलिंग मात्र पासपोर्टवर असेल तेच, अक्षरशः तेच.

व्याकरण: मराठीतूनच शिका

इथे मी जरा थांबून सांगणार आहे, कारण मराठवाड्यातल्या मुलांची सर्वांत मोठी भीती ‘आमचं इंग्रजी कच्चं आहे’ ही असते. जपानी शिकायला इंग्रजी चांगलं असायची गरज नाही. उलट इंग्रजीतून विचार करणाऱ्याला वाक्य उलटं करावं लागतं, आपल्याला नाही. हे वाक्य पाहा: ‘वाताशी वा माइनिची बासु दे काइशा नी इकिमास.’ शब्दाखाली शब्द ठेवा: मी – रोज – बस-ने – कंपनी-त – जातो. क्रम तोच, क्रियापद शेवटी, आणि विभक्ती प्रत्ययासारखे छोटे शब्द नामाच्या मागे. ‘दे’ म्हणजे आपलं ‘-ने’, ‘कारा’ म्हणजे ‘-पासून’, ‘मादे’ म्हणजे ‘-पर्यंत’, ‘नो’ म्हणजे ‘-चा, -ची, -चे’. लिंग आणि वचनाचा तर त्रासच नाही, एका ‘नो’वर सगळं भागतं.

प्रश्न करायचा तर वाक्याच्या शेवटी ‘का’ लावायचा. ‘जाता का?’ म्हणजे ‘इकिमास का?’ आणि ‘गरम होतंय ना’ मधल्या ‘ना’च्या जागी ते ‘ने’ म्हणतात: ‘आत्सुइ देस ने.’

खरी गंमत ‘-ऊन’ प्रत्ययात आहे. जपानीत क्रियापदाचं ‘ते-रूप’ असतं. ‘मिन्ना नो निहोंगो’ या प्रचलित पाठ्यपुस्तकात ते चौदाव्या धड्यात येतं आणि तिथपासून वर्ग ओसरायला लागतात, कारण ते इंग्रजीतून समजावलं जातं. मराठीतून समजावलं तर? ‘ताबेते मिरु’: ताबेते म्हणजे खाऊन, मिरु म्हणजे पाहणे. खाऊन पाहणे. ‘काइते ओकु’: लिहून ठेवणे. ‘ताबेते शिमाउ’: खाऊन टाकणे. ‘मोत्ते इकु’: घेऊन जाणे. ‘मोत्ते कुरु’: घेऊन येणे. ‘काइते कुरेरु’: लिहून देणे. इंग्रजीवाल्याला यातल्या प्रत्येकासाठी वेगळा नियम घोकावा लागतो. आपण जन्मापासून असंच बोलतो. म्हणून वहीत प्रत्येक नव्या रचनेसमोर इंग्रजी अर्थ लिहू नका, मराठी वाक्य लिहा. वर्ग इंग्रजीतून चालत असला तरी घरी येऊन हे करा.

सगळंच असं सरळ नाही, हेही खरं. कर्त्यामागे येणारे ‘वा’ आणि ‘गा’ हे दोन छोटे शब्द, त्यांतला फरक एन-३ पर्यंत त्रास देतो. विशेषणं काळाप्रमाणे बदलतात: ‘ताकाइ’ म्हणजे महाग, ‘ताकाकात्ता’ म्हणजे महाग होतं, ‘ताकाकुनाइ’ म्हणजे महाग नाही. मोजायच्या वस्तूच्या आकाराप्रमाणे आकड्याचं शेपूट बदलतं; पेन्सिली ‘इप्पोन, निहोन, सांबोन’ आणि कागद ‘इचिमाइ, निमाइ, सान्माइ’. मोठ्या संख्यांत ते दहा हजारांचा ‘मान’ धरतात, म्हणजे आपले एक लाख हे त्यांचे दहा मान आणि आपले दहा कोटी हा त्यांचा एक ‘ओकु’. पुढे दुभाषी म्हणून बसायचं असेल तर हे रूपांतर झोपेतही यायला हवं. बैठकीत सर्वाधिक गोंधळ आकड्यांतच होतो.

कांजी

जपानमध्ये रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजी २,१३६ आहेत. हा आकडा ऐकून घाबरू नका. एन-५ला साधारण १००, एन-४ला ३०० लागतात.

एक उदाहरण जवळून पाहू. झाडाची कांजी: एक उभी रेष, एक आडवी, आणि खाली दोन्ही बाजूंना पसरलेली मुळं. दोन झाडं शेजारी लिहिली की वन, तीन लिहिली की दाट रान. माणसाची कांजी बारीक करून झाडाच्या डाव्या बाजूला उभी केली की होते ‘विश्रांती’. भर उन्हात लिंबाला टेकून बसलेला गडी डोळ्यापुढे आणा, ती कांजी पुन्हा विसरणार नाही. त्यातूनच ‘यासुमि’ म्हणजे सुट्टी आणि ‘यासुमु’ म्हणजे विसावणे.

पण एकेका कांजीला दोन-तीन उच्चार असतात. माणूस एकटा असला की ‘हितो’, देशाच्या नावामागे ‘जिन’, म्हणून भारतीय तो ‘इंदोजिन’, आणि मोजताना ‘निन’, म्हणून तीन माणसं ‘सान्निन’. उच्चारांची यादी पाठ करू नका. शब्द पाठ करा, उच्चार आपोआप बसतात. रोज तीन कांजी, प्रत्येकीचे दोन शब्द, आणि काल-परवाच्या कांजींची उजळणी. मोबाइलवर ‘अंकी’ नावाचं कार्डांचं ॲप अँड्रॉइडवर फुकट मिळतं. विसरायच्या बेतात आलेलं कार्ड ते बरोबर पुढे आणतं. बसच्या प्रवासात दुसरं काही करू नका, हेच करा.

ऐकणं आणि बोलणं

आपल्याकडची मुलं इथेच मार खातात. घोकून मार्क काढायचं वळण आपल्याला चांगलं माहीत आहे, आणि व्याकरण-कांजीला ते उपयोगी पडतं. पण कानावर जपानी पडतच नाही. लातूर-नांदेडमध्ये जपानी माणूस रस्त्यात भेटणार नाही, तेव्हा कानाची सोय आपणच करायची. एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण सेवेचे जपानी शिकवणारे छोटे पाठ हिंदीतूनही आहेत, फुकट. जपानी भाषेचा प्रसार करणाऱ्या जपान फाउंडेशन या संस्थेचं ‘इरोदोरी’ हे पुस्तक ध्वनिफितींसह फुकट उतरवून घेता येतं. त्यांच्याच ‘मिनातो’ या संकेतस्थळावर मोफत अभ्यासक्रम आहेत.

रोज वीस मिनिटं असं करा: एक छोटा संवाद आधी न वाचता दोनदा ऐका, मग वाचा, मग आवाजाच्या पाठोपाठ अर्धा शब्द मागे राहून मोठ्याने म्हणा. सूर, थांबणं, सगळं त्याच्यासारखं. घरचे विचारतील काय चाललंय, विचारू द्या. आठवड्यातून एकदा स्वतःचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा.

स्वतःची ओळख पहिल्या महिन्यापासून तयार ठेवा, कारण प्रत्येक मुलाखत तिथूनच सुरू होते. नाव, गाव, शिक्षण, काय काम येतं, जपानी का शिकतो. गावाबद्दल दोन वाक्यं खरी हवीत. ‘माझ्या गावात कापूस आणि सोयाबीन पिकतं, उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते’ हे साध्या जपानीत सांगणारा उमेदवार लक्षात राहतो. पाठ केलेलं गुळगुळीत भाषण समोरच्याने शंभरदा ऐकलेलं असतं.

वर्ग कसा निवडायचा

लिपी आणि पहिले काही धडे स्वतः करता येतात, पण पुढे शिक्षक हवाच. पुणे हे देशातल्या जपानी शिक्षणाचं मोठं केंद्र असल्याने तिथले अनुभवी शिक्षक ऑनलाइन शिकवतात. त्यासाठी तिथे खोली घेऊन राहायची गरज उरली नाही. संभाजीनगरातही वर्ग आहेत. पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. शिक्षकांची स्वतःची पातळी काय? निदान एन-२ हवी, आणि प्रमाणपत्र दाखवायला कुणी चांगला शिक्षक कचरत नाही. एका वर्गात मुलं किती? वीसच्या पुढे बोलायची पाळीच येत नाही. आणि मागच्या परीक्षेला किती जण बसले व किती उत्तीर्ण झाले?

‘मिन्ना नो निहोंगो’ हे पुस्तक भारतात सर्वत्र चालतं. पहिल्या भागातल्या २५ धड्यांनी एन-५चा आणि दुसऱ्या भागातल्या २५ धड्यांनी एन-४चा पाया होतो. जो वर्ग हे पन्नास धडे तीन महिन्यांत ‘उरकून’ देतो म्हणतो, तो टाळा.

परीक्षा

जेएलपीटी वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. आपल्याला जवळची केंद्रं पुणे आणि मुंबई. जुलैच्या परीक्षेचे अर्ज वसंतात आणि डिसेंबरचे साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात; जागा मर्यादित असतात, म्हणून पहिल्या आठवड्यातच भरा. परीक्षेच्या आदल्या दिवशीच शहर गाठा. रात्रीच्या बसने उतरून थेट केंद्रावर गेलेल्या मुलांचा ऐकण्याचा भाग झोपेने जातो.

एन-५ आणि एन-४ दोन्ही १८० गुणांच्या. उत्तीर्ण व्हायला एन-५ला ८०, एन-४ला ९०. पण एवढ्यावर भागत नाही: भाषा व वाचन या १२० गुणांच्या भागात निदान ३८ आणि ऐकण्याच्या ६० गुणांत निदान १९ हवेतच. एकूण १२० मिळाले आणि ऐकण्यात १७, तर नापास. सगळे प्रश्न पर्यायी आहेत, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नका. बोलण्याची परीक्षा यात नाही, आणि म्हणूनच नुसत्या प्रमाणपत्रावर कुणी नोकरी देत नाही.

कामासाठी जाणाऱ्यांना दुसरा पर्याय आहे ‘जेएफटी-बेसिक’. ही संगणकावरची परीक्षा, २५० पैकी २०० गुण लागतात, आणि जुलै-डिसेंबरची वाट पाहावी लागत नाही.

या भाषेचं पुढे काय करायचं

चार वाटा आहेत. कोणती तुमची, हे तुमच्या हातातल्या दुसऱ्या कौशल्यावर ठरतं. नुसती भाषा आणि बाकी काही नाही, अशा माणसाला शिकवणं किंवा अनुवाद एवढंच उरतं, आणि त्याला एन-२च्या वर जावं लागतं.

पहिली वाट इथलीच. जपानी तंत्रज्ञ कारखान्यात येतात तेव्हा यंत्राजवळ उभं राहून दोन्ही बाजू समजावणारा माणूस लागतो. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग झालेला, ज्याला ड्रॉइंग वाचता येतं आणि एन-३ची जपानी येते, असा माणूस नुसत्या भाषेच्या पदवीधरापेक्षा तिथे जास्त कामाचा. ‘होउरेनसोउ’, म्हणजे वेळेत अहवाल देणं, कळवणं आणि विचारणं, ही त्यांच्या कामाची शिस्त ज्याने अंगी बाणवली त्याच्यावर जबाबदारी लवकर येते. पर्यटनही आहेच. अजिंठा-वेरूळचा परिसर जपानच्या कर्जसाहाय्याने विकसित झाला आणि बौद्ध वारसा पाहायला जपानी प्रवासी येतात. लेण्यांचा इतिहास जपानीत सांगणारा गाइड होणं हे इथल्या मुलांना अगदी शोभणारं काम आहे. जपानमधल्या कोयासान विद्यापीठात २०१५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. हे माहीत असलेला गाइड जपानी पाहुण्याशी गप्पा कुठून सुरू कराव्यात हेही जाणतो.

दुसरी वाट आयटीची. पुण्या-मुंबईतल्या ज्या कंपन्या जपानी ग्राहकांसाठी काम करतात, त्यांना प्रोग्रामिंग आणि एन-३/एन-२ एकत्र असलेली माणसं हवी असतात. जपानला जाऊन काम करायचं तर अभियंत्यांचा वेगळा व्हिसा आहे, त्याला पदवी किंवा दहा वर्षांचा अनुभव लागतो. पुढे ‘उच्च कुशल’ व्यावसायिकांच्या व्हिसाच्या गुणपद्धतीत एन-१ला १५ आणि एन-२ला १० गुण मिळतात, आणि पुरेसे गुण झाले की कायमच्या वास्तव्याचा अर्ज लवकर करता येतो. मराठी माणूस तिथे किती रुजू शकतो हे पाहायचं तर योगेंद्र पुराणिक यांच्याकडे पाहा. २०१९ मध्ये ते टोकियोच्या एदोगावा भागातून लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आले.

तिसरी वाट आयटीआय, शेती, नर्सिंगवाल्यांची, आणि आपल्याकडून सर्वाधिक मुलं याच वाटेने जातील. एप्रिल २०१९ मध्ये जपानने ‘तोकुतेइ गिनोउ’ म्हणजे विशिष्ट कौशल्य कामगार हा व्हिसा सुरू केला. भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. २०२४ मध्ये त्यातली क्षेत्रं १६ झाली: वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, वाहनदुरुस्ती, अन्नप्रक्रिया, हॉटेल वगैरे. अट दोन गोष्टींची: एन-४ किंवा जेएफटी-बेसिक, आणि त्या क्षेत्राची कौशल्य चाचणी. पहिल्या टप्प्यात जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं, कुटुंब नेता येत नाही. ज्या क्षेत्रांत दुसरा टप्पा आहे तिथे पुढे व्हिसा वाढत जातो आणि कुटुंबही नेता येतं; शुश्रूषेत तो टप्पा नाही. त्याच कामाच्या जपानी माणसाइतका किंवा जास्त पगार देणं मालकावर बंधनकारक आहे. २०२५-२६ साठी जपानचं सरासरी किमान वेतन ताशी १,१२१ येन आहे. पण त्यातून घरभाडं, कर आणि विमा कापला जातो, म्हणून हातात किती येईल हे लेखी घ्या.

नर्सिंग झालेल्या मुलींना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती बहुधा सांगितली जात नाही. इथली जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग तिथे आपोआप ‘नर्स’ करत नाही. त्यासाठी एन-१ आणि जपानची राष्ट्रीय परीक्षा लागते. शुश्रूषेच्या व्हिसावर तुम्ही ‘केअर वर्कर’ असता: वृद्धांना उठवणं, आंघोळ, जेवण. त्याला शुश्रूषेच्या जपानीची एक जादा परीक्षाही आहे. काम कष्टाचं आहे आणि मानाचंही. तिथे राहून ‘काइगो फुकुशिशी’ ही राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालात की पाच वर्षांची मर्यादा उठते आणि कुटुंब नेता येतं. जायचं तर हे डोळ्यापुढे ठेवून जा.

इंटर्न म्हणून नेणारी ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ योजना जपान बंद करत आहे आणि एप्रिल २०२७ पासून तिच्या जागी ‘इकुसेइ शूरोउ’ ही नवी योजना येते आहे. आज कुणी जुन्या योजनेत नाव नोंदवायला सांगत असेल तर निघण्याची तारीख आधी विचारा.

चौथी वाट शिक्षणाची. जपान सरकारची ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्ती बारावीनंतर आणि पदवीनंतरही आहे. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासामार्फत जातात. भाषाशाळेत स्वखर्चाने जायचं तर साधारण १५० तासांचा अभ्यास किंवा एन-५ मागतात. सत्र चालू असताना विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तासांपर्यंतच अर्धवेळ काम करता येतं. ‘तिकडे कमवून फी भरशील’ असं कुणी सांगितलं तर कागदावर हिशोब मांडा. २८ तासांच्या कमाईत फी, भाडं आणि जेवण तिन्ही बसत नाही.

पैसे आणि कागद

परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर त्याचं नाव आणि नोंदणीची मुदत तपासता येते. नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो. भाषेच्या वर्गाची फी, परीक्षेची फी, तिकीट हे वेगळे खर्च आहेत, पण प्रत्येकाची वेगळी पावती मागा. ‘पॅकेज’ या नावाखाली चार-पाच लाख एकरकमी मागणारा, पावती न देणारा, किंवा ‘भाषा तिकडे गेल्यावर शिकाल’ म्हणणारा, या तिघांकडून उठून या. विशिष्ट कौशल्य व्हिसात अनामत रक्कम ठेवून घेणं किंवा नोकरी सोडल्यास दंड लावणारा करार करणं जपानी नियमांनुसार चालत नाही. पासपोर्टही मालकाकडे जमा करायचा नसतो.

वर्गात नाव घातलं त्याच महिन्यात पासपोर्टला अर्ज करा. दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि पासपोर्ट यांवरचं नाव अक्षरशः एकच आहे का पाहा. आपल्याकडे वडिलांचं नाव आणि आडनाव यांची अदलाबदल फार असते, आणि ती निस्तरायला काही महिने जातात. नोकरी पक्की झाली की जपानमधला मालक तिथल्या इमिग्रेशनकडून ‘पात्रता प्रमाणपत्र’ काढतो. ते आल्यावरच मुंबईत व्हिसाचा अर्ज होतो. ते प्रमाणपत्र हातात येईपर्यंत इथली नोकरी सोडू नका आणि तिकीटही काढू नका.